काँक्रीटमधला चकवा आणि आभासी वास्तव

मध्य रेल्वेवर कर्जत सोडले की पहिले स्थानक लागते ते पळसदरी. येथून एक लोहमार्ग बोरघाट चढून पुण्याकडे जातो, तर दुसरा खोपोलीकडे वळतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचली ती १८५६ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या गाडीनंतर अवघ्या तीन वर्षांनी. एवढा जुना वारसा लाभूनही स्थानक छोटेच राहिले. फलाटावर पाऊल ठेवताच सह्याद्रीचा कडा कोणत्या अंगाला आहे ते दिसते, घाट कुठे आणि कर्जत कुठे हे कोणाला विचारावे लागत नाही. या स्थानकात हरवणे जवळपास अशक्य आहे.

हाच प्रवासी शंभर किलोमीटर दूर मुंबईत उतरतो तेव्हा चित्र पालटते. दादरचे पूल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरील भुयारी मार्ग, परळच्या रुग्णालयांमधील एकासारख्या एक मार्गिका, भूमिगत मेट्रोची स्थानके अशा ठिकाणी डोंगर नाही, सूर्य नाही आणि वाट सांगायला कोणाला उसंतही नाही. रानात एकाच जागी फिरून फिरून परत येणाऱ्याला 'चकवा लागला' असे आपल्याकडे म्हणतात. आधुनिक महानगराने हा चकवा रानातून उचलून काँक्रीटच्या छताखाली आणून ठेवला आहे. त्यावर उतारा म्हणून जगभर ज्या तंत्रज्ञानाकडे आशेने पाहिले जाते, त्यांपैकी एक म्हणजे आभासी वास्तव, अर्थात व्हर्च्युअल रिॲलिटी. डोळ्यांवर चष्म्यासारखे यंत्र चढवून, प्रत्यक्षात न जाताच एखाद्या इमारतीत फिरून येण्याची सोय हे तंत्र करून देते. मात्र ते नेमके कोणाच्या उपयोगाचे आहे, वाट चुकणाऱ्याच्या की वाट आखणाऱ्याच्या, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

चुकणारा कोण?

मोठ्या इमारतीत गोंधळलेल्या माणसाकडे पाहून 'गावाकडचा दिसतो' असा शेरा मारणे शहरात सर्रास चालते. विज्ञानाने या शेऱ्याला चांगलाच धक्का दिला आहे. 'सी हीरो क्वेस्ट' नावाचा एक मोबाइल खेळ २०१६ मध्ये जगापुढे आला. नकाशा पाहून घ्यायचा, तो मनात ठेवायचा आणि नाव हाकत ठरलेली ठिकाणे गाठायची, असा हा खेळ. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी तो तयार करण्यात आला होता, कारण ओळखीच्या परिसरातही वाट न सापडणे हे अल्झायमरचे एक सुरुवातीचे लक्षण असते. पुढल्याच वर्षी या खेळाची आभासी वास्तवातील आवृत्तीही निघाली.

मोबाइलवरील खेळातून ३८ देशांतील ३,९७,१६२ जणांची जी माहिती जमा झाली, तिचे विश्लेषण २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शहराबाहेर वाढलेल्या माणसांची दिशांची जाण सरासरीने शहरात वाढलेल्यांपेक्षा सरस आढळली. शिकागोसारख्या चौकटीचौकटीच्या सरळ रस्त्यांच्या शहरात बालपण गेलेल्यांच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक होता. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात ओढे, शेतांचे बांध आणि डोंगरसोंडा यांच्या खुणांवर वाट लक्षात ठेवीत वाढलेल्या मुलाला या निष्कर्षाचे फारसे आश्चर्य वाटू नये. पण याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. माणूस ज्या प्रकारच्या परिसरात वाढतो, त्या प्रकारच्या परिसरात तो अधिक चांगली वाट काढतो. तेव्हा रानवाटांवर तयार झालेली नजर रुग्णालयाच्या बिनखिडक्यांच्या मार्गिकेत तितकीच चालेल, अशी खात्री देता येत नाही. तिथे त्या नजरेला पकडायला खूणच नसते.

मेंदूतला नकाशा

वाट शोधणे ही क्रिया वाटते तितकी साधी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांनी १९४८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे असे मांडले की, प्राणी केवळ 'डावीकडे, मग उजवीकडे' अशी वळणे पाठ करीत नाही, तर परिसराचा एक नकाशाच मनात रचतो. या नकाशाचा शारीरिक पुरावा पुढे मिळाला. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट जागी आल्यावरच उद्दीपित होणाऱ्या पेशी सापडल्या. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर या नॉर्वेतील दाम्पत्याने २००५ मध्ये जागेचे जणू मोजमाप घेणाऱ्या, जाळीच्या रचनेत काम करणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असतो, हे एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवून दिले होते. त्याच मॅग्वायर यांनी तत्पूर्वी, १९९८ मध्ये, 'ड्यूक नुकेम' या संगणकीय खेळात बदल करून एक आभासी गाव उभे केले आणि त्यात वाट शोधणाऱ्या माणसांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या यंत्रात माणसाला निश्चल पडून राहावे लागते. त्यामुळे वाट शोधणाऱ्या मेंदूकडे पाहायचे तर आभासी गावाखेरीज सोयीचा मार्ग नव्हता.

छताखाली उपग्रह नाही

'हातात मोबाइल असताना हरवायचे कसे?' असे कोणी विचारील. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश जमिनीवर येईपर्यंत अतिशय क्षीण होतो आणि सिमेंट-लोखंडाचे छत त्याला आत येऊ देत नाही. जो काही येतो तो भिंतींवर आपटून येतो व चुकीची जागा दाखवतो. शिवाय आपण कोणत्या मजल्यावर आहोत, हा इमारतीतला सर्वांत कळीचा प्रश्न. त्याचे उत्तर सपाट नकाशावरील निळा ठिपका देत नाही.

यावर उपाय म्हणून लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१७ मध्ये आपल्या दोन टर्मिनलांत सुमारे दोन हजार ब्लूटूथ संदेशक बसवले. त्यांच्या आधारे प्रवाशाची जागा तीनेक मीटरपर्यंत अचूक कळू लागली आणि मोबाइलचा कॅमेरा समोर धरला की पडद्यावर जमिनीवरच बाण उमटलेले दिसू लागले. गुगलनेही २०२१ पासून काही विमानतळ, रेल्वेस्थानके व मॉलमध्ये अशी सोय देण्यास प्रारंभ केला. काटेकोर बोलायचे तर हे आभासी नव्हे, संवर्धित वास्तव होय. समोर असलेल्या खऱ्या दृश्यावर बाण काढणे वेगळे आणि घरबसल्या संपूर्ण इमारतच डोळ्यांपुढे उभी करणे वेगळे. पहिले तंत्र ऐनवेळी हात धरून नेते. दुसरे आधी तालीम करून घेते.

हात धरून नेणाऱ्या तंत्राची अडचण अशी, की ते चालू फोन, भरलेली बॅटरी आणि जाळे यांवर उभे आहे. मुंबईची भूमिगत मेट्रो-३ ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या टप्प्यात सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावरील २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. तेथे मोबाइलला जाळे मिळत नसल्याच्या प्रवाशांच्या तक्रारी सुरुवातीच्या काळात गाजल्या होत्या. नेमक्या ज्या जागी वाट विचारायची, त्याच जागी फोन मुका!

आधी तालीम, मग प्रवेश

आभासी इमारतीत फिरल्याने खऱ्या इमारतीतली वाट सापडते का, याचा शोध १९९० च्या दशकातच घेण्यात आला. अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एका अनोळखी इमारतीतील मार्ग तीन तऱ्हांनी शिकवण्यात आला. काहींना प्रत्यक्ष इमारतीत, काहींना तिच्या आभासी प्रतिकृतीत, तर उरलेल्यांना केवळ शब्दांतून. नंतर सर्वांना खऱ्या इमारतीत सोडले असता, प्रत्यक्ष शिकलेले सर्वांत पुढे राहिले. परंतु आभासी प्रतिकृतीत शिकलेल्यांनी केवळ शब्दांतून शिकलेल्यांना स्पष्टपणे मागे टाकले.

त्याआधी, १९८२ मध्ये, कॅलिफोर्नियातील रँड या संस्थेच्या इमारतीत एक लक्षणीय अभ्यास झाला होता. त्या इमारतीत नोकरी करणारे लोक आणि तिचा केवळ नकाशा पाठ केलेले लोक यांची तुलना त्यात होती. सरळ रेषेतील अंतरे सांगण्यात नकाशावाले सरस ठरले, तर एखाद्या जागी उभे राहून 'अमुक खोली कोणत्या दिशेला' हे दाखवण्यात तेथे वावरलेले लोक. वेल्समधील रॉय रडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तीच इमारत संगणकात उभारली आणि लोकांना तिच्यात पुनःपुन्हा फिरवले. पुरेशा फेऱ्या झाल्यावर या लोकांचे ज्ञान इमारतीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या तोडीचे झाले. अट एकच, फेऱ्या पुरेशा हव्यात. एका फेरीत कोणालाही काही येत नाही, हे खरे म्हणजे कोणत्याही नव्या नोकरदाराला ठाऊक असते.

दृष्टिहीनांसाठीचा प्रयोग तर अधिकच बोलका आहे. अमेरिकेत बोस्टनजवळ अंधांसाठी काम करणारे कॅरोल सेंटर आहे. त्याच्या एका खऱ्या इमारतीची केवळ ध्वनींनी बनलेली आभासी प्रतिकृती लॉटफी मेराबेट व सहकाऱ्यांनी तयार केली. पायांचा आवाज, दारावरची टकटक, कोणत्या कानात कोणता ध्वनी येतो यावरून दिशा ओळखायची. अंध व्यक्तींच्या एका गटाला ठरलेले मार्ग पद्धतशीर शिकवण्यात आले. दुसऱ्या गटाला त्याच इमारतीत रत्ने शोधण्याचा आणि ती घेऊन राक्षसांपासून पळण्याचा खेळ देण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, खऱ्या इमारतीत ठरलेली ठिकाणे दोन्ही गटांना सापडली. पण बाहेर पडण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची वेळ आली, तेव्हा खेळणारे पुढे निघाले. पाठ केलेला मार्ग आणि मनात उमटलेला नकाशा यांतील अंतर यापेक्षा स्वच्छ क्वचितच दिसले असेल.

मर्यादा

या तंत्राचे गोडवे गाणाऱ्यांनी एक गोष्ट सहसा सांगितलेली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मयंक मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना आभासी खोलीत चालवले आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या नोंदी घेतल्या. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या या संशोधनानुसार, खऱ्या खोलीत काम करणाऱ्या पेशींपैकी सुमारे ६० टक्के पेशी आभासी खोलीत गप्प झाल्या. बाहेरून पाहता उंदीर दोन्हीकडे सारखाच वागत होता. जागेचे ज्ञान केवळ डोळ्यांनी होत नाही. पायांनी टाकलेली पावले, मान वळवल्यावर कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला मिळणारी सूचना, वास, वारा हे सारे मेंदू हिशेबात धरतो. खुर्चीत बसून पाहिलेल्या आभासी इमारतीत यांतले पुष्कळसे गळून पडते.

डोळे 'चालतो आहोत' म्हणतात आणि शरीर 'बसलो आहोत' म्हणते. या विसंवादातून अनेकांना मळमळ व चक्कर येते. घाटात बस लागणाऱ्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या वयोवृद्ध रुग्णांना वाट सापडण्याची निकड सर्वांत मोठी, त्यांच्याच डोक्यावर हे अवजड यंत्र चढवून 'आता दुसऱ्या मजल्यावर जा' असे सांगणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार व्हायला हवा. गुगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याची स्वस्त खोकी काढून मोबाइललाच आभासी चष्मा बनवले होते, परंतु २०२१ मध्ये त्यांची विक्री थांबवण्यात आली. कर्जतहून पहाटेची लोकल पकडून केसपेपरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या कुटुंबाने आदल्या रात्री आभासी रुग्णालयात फेरी मारावी, ही कल्पना सध्या तरी परिसंवादात शोभणारी आहे.

धुरात दार कोणते?

असे असले तरी एका बाबतीत आभासी वास्तवाला खरोखर पर्याय नाही, आणि ती बाब जिवाशी संबंधित आहे. आइल ऑफ मॅन बेटावरील समरलँड या करमणूक केंद्राला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत ५० जण मृत्युमुखी पडले. त्या घटनेचा अभ्यास करून जोनाथन साइम यांनी १९८५ मध्ये दाखवले की, संकटात माणसे जवळच्या दाराकडे नव्हे तर ओळखीच्या दाराकडे आणि आपल्या माणसांकडे धावतात. सामान्यतः माणूस ज्या दाराने आत आला त्याच दाराने बाहेर पडू पाहतो. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. त्यांपैकी अनेकांचे मृतदेह स्वच्छतागृहात सापडल्याचे तेव्हाच्या वृत्तांत नमूद आहे. आसरा घेण्याची जागा आणि सुटकेची जागा यांतील फरक धुराने भरलेल्या अनोळखी इमारतीत कळत नाही.

माणसे कशी पळतील हे पाहण्यासाठी खरी आग लावता येत नाही. आभासी आग लावता येते. म्हणूनच धूर, अंधार, गर्दी व घंटा यांची आभासी दृश्ये उभी करून बाहेर पडण्याचे फलक कोणत्या उंचीवर, कोणत्या रंगात असावेत याचे प्रयोग अनेक देशांतील विद्यापीठांत केले जातात. त्यांत माणसाची परीक्षा होत नाही, फलकाची होते.

विटेआधी वाट

येथे आपण मूळ प्रश्नाकडे येतो. 'दिशाभूल' या मराठी शब्दाचे दोन प्रयोग आहेत: दिशाभूल होणे आणि दिशाभूल करणे. मोठ्या इमारतींच्या बाबतीत पहिल्यापेक्षा दुसरा प्रयोग अधिक न्याय्य ठरेल. अमेरिकेत सिॲटल येथे २००४ मध्ये खुले झालेले मध्यवर्ती ग्रंथालय हे याचे गाजलेले उदाहरण. वास्तुकलेचा चमत्कार म्हणून त्याची वाहवा झाली, पण वर नेणारा सरकता जिना खाली आणत नसल्याने वाचक गोंधळू लागले. पुढे हेच ग्रंथालय वाट शोधण्याच्या अभ्यासाचा नमुना बनले आणि त्याची आभासी प्रतिकृती तयार करून माणसे कुठे अडखळतात हे तपासण्यात आले. दोष सापडला, पण इमारत उभी राहिल्यानंतर.

उलट उदाहरण त्याहून जुने आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९८० च्या दशकात संगणकशास्त्र विभागासाठी सिटरसन हॉल ही नवी इमारत बांधायची होती. फ्रेड ब्रुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आधी संगणकात उभारली. पायाखाली फिरता पट्टा आणि समोर पडदा अशा यंत्रणेवर चालत, जे लोक पुढे त्या इमारतीत वावरणार होते तेच तिच्यातून आधी फिरून आले. लॉबीतील एक जागा त्यांना चिंचोळी वाटली आणि वास्तुरचनाकारांना एका भिंतीची जागा बदलावी लागली. कागदावरील आराखड्यात ती भिंत सर्वांना मान्य होती. ती भिंत पाडावी लागली असती तर किती खर्च आला असता, याचा हिशेब बांधकाम खात्यातील कोणीही अभियंता सांगू शकेल.

महाराष्ट्रात याला लागणारी सामग्री नाही असे नव्हे. नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने ५-डी बीआयएम ही संगणकीय प्रणाली वापरली. तीत इमारतीच्या त्रिमितीय आराखड्याला वेळापत्रक आणि खर्च यांची जोड दिलेली असते. असा आराखडा एकदा तयार असला की त्याचे आभासी वास्तवात रूपांतर करणे ही फारशी दूरची मजल नाही. प्रश्न असा, की त्या आभासी स्थानकात फिरते कोण? अभियंते आणि अधिकारी फिरतात तेव्हा त्यांना वाट आधीच ठाऊक असते. नवी मुंबईचे विमानतळ रायगड जिल्ह्यातच आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. अशा वास्तूची खरी परीक्षा घ्यायची तर विमानात कधीच न बसलेला, इंग्रजी फलक अडखळत वाचणारा, हातात दोन पिशव्या आणि सोबत म्हातारी आई असलेला माणूस त्या आभासी दालनात आधी सोडला पाहिजे. तो जिथे थबकेल तिथे फलक हवा आणि तो जिथे मागे वळेल तिथे आराखडा चुकला आहे, असे समजावे.

हे पाहायला नेहमी महागडे यंत्रच लागते असेही नाही. दादर स्थानकात पश्चिम व मध्य रेल्वेचे फलाट आपापल्या परीने एकपासून मोजले जात. 'एक नंबरवर ये' असे सांगितले की कोणता एक, हा प्रश्न शिल्लक राहायचा आणि चुकीच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाची गाडी पलीकडून निघून जायची. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक देण्यात आले. ना भिंत हलली, ना पूल. फलक बदलले, उद्घोषणा बदलल्या. आता कर्जत-खोपोलीच्या गाडीची वाट पाहणाऱ्याने आठच्या पुढचा आकडा शोधायचा, एवढे त्याला पुरते.